रविवारी ज्यांना सुट्टी नसते

पन्हाळ्यावर रविवार हा कामाचा वार. शनिवारी दुपारपासूनच वाघबिळाच्या फाट्यावरून गाड्या वर चढायला लागतात आणि रविवारी सकाळी नाष्ट्याच्या वेळेला तीन दरवाजाच्या वाटेवर गाडी लावायला जागा मिळत नाही. झुणका-भाकरीच्या चुली पेटलेल्या असतात, पुसाटी बुरुजावर फोटो काढणाऱ्यांची दाटी असते आणि लॉजच्या काउंटरवर एकाच वेळी कुणी किल्ली परत करत असतं, कुणी बिल मागत असतं, कुणी गरम पाणी कधी येणार म्हणून विचारत असतं. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीची माणसं ज्या दिवशी निवांत होतात त्या दिवशी गडावरच्या घरांचा आठवड्याचा खर्च निघतो. मी अशाच एका लॉजच्या काउंटरवर गेली बरीच वर्षं काम करते.

म्हणून मुक्त विद्यापीठाची संपर्क सत्रं रविवारी असतात हे अभ्यासकेंद्रावर कळलं तेव्हा मी फॉर्म हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले. ही सोय नोकरी करणाऱ्यांसाठीच केलेली होती आणि हेतू चांगला होता. ती ठरवताना डोळ्यांपुढं कचेरीतला कारकून असणार, प्राथमिक शाळेतले गुरुजी असणार. पण हॉटेलात राबणारी बाई, एसटीची वाहक, दवाखान्यातली आया, पेट्रोल पंपावरचा पोरगा, यांचा रविवार इतरांच्या रविवारासाठी राबण्यात जातो. ज्यांना पदवीची सर्वांत जास्त गरज त्यांच्यातले कितीतरी या गटात मोडतात. मग माझ्या वाट्याला उरलं ते एवढंच : टपालानं किंवा केंद्रावरून मिळणारी पुस्तकं, हातानं लिहून द्यायचे गृहपाठ आणि वर्षाच्या शेवटची परीक्षा. वर्ग नाही, बाक नाही, शंका विचारायला सर नाहीत. मी बी.ए. झाले ती परीक्षेच्या जोरावर, आणि त्या परीक्षेबद्दल मला काही सांगायचं आहे. परीक्षेला नावं ठेवणारं मी पुष्कळ वाचलं आहे. तिची बाजू घेणारं फार कमी सापडतं.

माझं माहेर कोडोली. बारावी झाले आणि लग्न होऊन गडावर आले. पुढं शिकायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. कोल्हापूरला रोज जाऊन-येऊन कॉलेज करायचं तर त्यात दिवस जातो आणि तो दिवस आमच्या घरात कुणाकडंच शिल्लक नव्हता, एवढीच गोष्ट. मुलगी झाली, मुलगा झाला, काउंटरचं काम लागलं. लॉजवर मॅनेजरची जागा निघाली तेव्हा जाहिरातीत ‘पदवीधर’ असं लिहिलेलं होतं. ते काम मी आधीपासून करतच होते. त्या एका शब्दानं मात्र माझ्या डोक्यात घर केलं. मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी मी फॉर्म भरला.

आमच्याकडं याला ‘मुक्तमधून करणं’ म्हणतात, जुनी माणसं नुसतं ‘नाशिकचं’ म्हणतात. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ ला सुरू झालं, नाशिकजवळ गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर. पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेलं असतं. ज्यांचं नाव या विद्यापीठाला दिलं ते यशवंतराव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९३२ साली तुरुंगात गेल्यामुळं त्यांची मॅट्रिकच लांबली, ती १९३४ साली एकविसाव्या वर्षी झाली आणि बी.ए. १९३८ मध्ये. ज्या माणसाचं शिक्षण मध्येच तुटलं आणि ज्यानं ते पुन्हा हातात घेतलं त्याचं नाव या विद्यापीठाला शोभतं, असं मला वाटतं. पाटीवर दुसरं एखादं मोठं नाव असतं तर मला ते इतकं आपलं वाटलं नसतं.

तरी ‘मुक्तचं आहे का?’ हा प्रश्न ऐकावा लागतोच. नातेवाइकांत एकदा, नोकरीच्या मुलाखतीत एकदा. विचारणाऱ्याच्या आवाजात एक सूर असतो, म्हणजे खऱ्या कॉलेजचं नाही तर. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या मानल्या आहेत, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना त्या चालतात, हे सगळं सांगता येतं. पण त्या सुराला कागद दाखवून उत्तर देता येत नाही. त्याचं उत्तर मला इतिहासात मिळालं, म्हणून ते इथं नीट मांडते.

मुंबई विद्यापीठ १८५७ च्या जुलैत स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. सुरुवातीला हे विद्यापीठ स्वतः एकही वर्ग चालवत नव्हतं. कॉलेजांनी शिकवायचं आणि विद्यापीठानं तपासायचं. १८६२ साली मुंबईची पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली. त्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ज्यांच्या नावानं आपण आजही विद्वत्ता मोजतो त्यांना पदवी देणारी संस्था म्हणजे मुळात परीक्षा घेणारी संस्था होती. लंडननं तर १८५८ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं : कुठल्याही कॉलेजात न जाता, घरी अभ्यास करून कुणीही परीक्षेला बसावं. आणि १८७८ मध्ये त्याच विद्यापीठानं स्त्रियांना पदव्या खुल्या केल्या, इंग्लंडात सर्वांच्या आधी. आपल्याकडं लंडनचा साचा आला, पण ते उघडं दार आलं नाही. इथं परीक्षेला बसायचं तर संलग्न कॉलेजच्या हजेरीपटातून जावं लागे. हजेरीची ही सक्ती ज्ञानासाठी होती की व्यवस्थेच्या सोयीसाठी, हा प्रश्न मी इतिहासाच्या पेपरचा अभ्यास करताना स्वतःला पुष्कळदा विचारला. पुढं बहिःस्थ विद्यार्थी आले, पत्राद्वारे शिक्षण आलं, मुक्त विद्यापीठं आली आणि शंभर-सव्वाशे वर्षांच्या उशिरानं का होईना ते दार आपल्याकडंही उघडलं. मी त्याच दारातून आत आले. ते मागचं दार होतं असं मला वाटत नाही.

तुम्हाला काय येतं, एवढंच परीक्षा विचारते. तुम्ही ते कुठं बसून शिकलात, तेव्हा तुमच्या मांडीवर पोर होतं का, तुम्ही पस्तिशीच्या आहात की अठराच्या, हे ती विचारत नाही. वर्ग हे सगळं विचारतो. बाराची तासिका आहे, या म्हणतो. येता आलं नाही तर गैरहजेरी लावतो. माझ्यासारखीला आयुष्यात एवढ्या ठिकाणी वेळेवर हजर राहावं लागतं की आणखी एका जागी हजर राहा असं न सांगणारी संस्था भेटली हेच मोठं वाटलं.

कुणी म्हणेल, परीक्षेला काय, गाईड वाचूनही पास होता येतं, ‘इम्पॉर्टंट’ प्रश्न पाठ केले की झालं. खरं आहे. पण तीच गाईडं नियमित कॉलेजातली पोरंही वाचतात आणि तीही त्याच जोरावर पास होतात. पाठांतरानं सुटणारा प्रश्न काढला जातो, हा दोष प्रश्न काढणाऱ्याचा. त्यावर हजेरी सक्तीची करणं हा इलाज मला पटत नाही. एखाद्या केंद्रावर कॉपी चालते असं ऐकू येतं तेव्हा माझा संताप होतो, कारण त्यानं रात्री जागून अभ्यास केलेल्या बाईच्या पदवीची किंमत उतरते. परीक्षा हेच ज्यांचं एकमेव दार आहे त्यांच्यासाठी ती चोख असणं कॉलेजातल्या पोरांपेक्षाही जास्त गरजेचं आहे.

आता अभ्यासाचं सांगते. लॉजवर सकाळी अकरापर्यंत खोल्या रिकाम्या होतात आणि नवी गिऱ्हाइकं दोननंतर येतात. आठवड्यातल्या साध्या दिवशी मधले दोन-तीन तास रजिस्टर, फोन आणि मी. तेव्हा पुस्तक उघडायचं. मुक्तची पुस्तकं एकट्यानं वाचणाऱ्यासाठी लिहिलेली असतात. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला यात काय शिकायचं ते सांगतात, शेवटी सारांश, अवघड शब्दांचे अर्थ आणि स्वतःच स्वतःला विचारायचे प्रश्न देतात. पान उलटून लगेच उत्तर बघायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला. कोऱ्या कागदावर उत्तर लिहायचं आणि मग ताडून बघायचं. वर्गात जे काम सर करतात ते या चार-सहा ओळींच्या प्रश्नांवर सोपवलेलं असतं. एक श्रेयांक म्हणजे साधारण तीस तासांचा अभ्यास, असा हिशेब मुक्त शिक्षणात धरतात. तीस तास म्हटलं की कॉलेजातल्या पोराला एक आठवडा दिसत असेल. मला त्यात दुपारचे तुकडे दिसायचे आणि फोन वाजला की त्या तुकड्याचेही तुकडे.

पावसाळ्यात वेगळीच अडचण. जुलै-ऑगस्टात गडावर ढग खिडकीतून घरात शिरतो. कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं आणि पुस्तकाची पानं दमट होऊन फुगतात. जेलपेननं खूण केली की शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून मी पेन्सिलच वापरायची. आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, यावर स्वतःच तोड काढली. चुलीच्या वर जी फळी आहे, जिच्यावर त्या काडेपेटी आणि तिखट-मिठाचे डबे ठेवतात, तिथं त्या रात्री माझं पुस्तक उघडं करून पालथं ठेवायच्या. सकाळी ते कोरडं असायचं. समाजशास्त्राच्या त्या पुस्तकाला अजून धुराचा वास येतो. कडेला तिखटाचा लाल डाग आहे, तोही ‘कुटुंबसंस्था’ या घटकावर पडलेला.

आत्तींचं शाळेत जाणं झालेलं नाही. पण मराठीच्या पेपरात मला सर्वांत जास्त मदत झाली ती त्यांची. पंडित कवींचा घटक होता आणि त्यात मोरोपंत. मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्यावरचा, १७२९ चा. वडील गडावर नोकरीला. इथल्याच पाध्ये बंधूंपाशी ते संस्कृत काव्य शिकले, पुढं बारामतीला गेले, बाबूजी नाइकांच्या आश्रयानं पुराण सांगत राहिले आणि पोटाचं काम सांभाळून त्यांनी एकशेआठ रामायणं, आर्याभारत, केकावली एवढा डोंगर उभा केला. लॉजवर येणारी माणसं मला बाजीप्रभूंचा पुतळा कुठं आहे विचारतात, अंधारबाव किती वाजेपर्यंत उघडी असते विचारतात. मोरोपंतांबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. ज्या गडावर मी रोज पाणी भरते तिथं हा कवी वाढला हे मलासुद्धा त्या घटकानंच शिकवलं.

पण आर्या डोळ्यांनी वाचून कळेना. शब्द कळत, वळण कळत नव्हतं. एका रात्री भाकरीच्या वेळी मी मोठ्यानं वाचत होते तर आत्ती परातीवरून मान वर न करता म्हणाल्या, “तितं थांबू नगंस. म्होरं जाऊन थांब.” मी पुन्हा वाचलं, त्या म्हणतील तिथं थांबले आणि ओळ सुटली. त्यांच्या माहेरच्या गावी देवळात कीर्तन व्हायचं आणि कीर्तनकार आर्या म्हणायचे. लहानपणी कानावर पडलेली ती चाल त्यांच्या अंगात राहिली होती. त्यानंतर त्या घटकातल्या सगळ्या ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या. परीक्षेत आर्या वृत्तावरचा प्रश्न आला तेव्हा मी लक्षण लिहिलं, मात्रा लिहिल्या आणि कान आत्तींचा वापरला. अक्षरओळख नसलेल्या बाईकडून मी एका पदवी परीक्षेची तयारी केली हे मी कुणालाही अभिमानानं सांगते.

घरातल्या बाईनं शिकायला काढलेला वेळ कुणाच्या तरी वेळातून येतो. हे स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण ‘जिद्दीनं शिकली’ एवढंच छापून येतं आणि ज्यांनी वेळ दिला ती माणसं गाळली जातात. “तू बस जा पुस्तक घिऊन, भाकरी मी थापतो,” असं आत्ती म्हणायच्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना त्या भाकरी जाणवत होत्या. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, वडापची जीप, भाड्यानं सवाऱ्या नेणारी. पेपरच्या दिवशी हे पहिली फेरी माझ्या वेळेला लावायचे आणि एखाद-दुसरं पॅसेंजर कमी असलं तरी गाडी सोडायचे. मुलगी धाकट्याचा अभ्यास घ्यायला शिकली ती माझ्या परीक्षांमुळं. आणि लॉजवर खोल्या आवरणारी माझी सोबतीण माझ्या पेपरच्या वेळी काउंटरवर बसायची. कुणाचा फोन आला, कुणी किती आगाऊ दिले, सगळं ती एका वहीत मराठीत टिपून ठेवायची आणि संध्याकाळी मी ते रजिस्टरला चढवायची. तिच्या नोंदीत कधी गफलत निघाली नाही. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर एकच नाव असतं. मला ते अपुरं वाटतं.

मुलांबाबत माझं मन मात्र मला फार खायचं. अशा वेळी मला पार्वतीबाई आठवल्यांचा आधार वाटला. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलेलं, पदरात एक मुलगा, आणि ही बाई बहिणीच्या, म्हणजे बाया कर्व्यांच्या, आधारानं पुण्यात शिकली, हिंगण्याच्या आश्रमात काम करू लागली आणि १९१८ साली, पन्नाशीला टेकलेली असताना, अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी कामं करत इंग्रजी शिकली. त्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ सालची आहे. लेकराची आई असणं आणि विद्यार्थिनी असणं या दोन गोष्टी एका बाईत नांदू शकतात हे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलं आहे. त्यांचं नाव आठवलं की मला अपराधी वाटायचं थांबे, निदान त्या दुपारपुरतं.

परीक्षेचे दिवस मे-जूनचे, म्हणजे गडावर हंगामाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॉज भरलेली, आणि नेमके तेव्हाच पेपर. मालकांनी बिनपगारी रजा दिली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पहाटे उठून डबे करायचे, वडापनं खाली उतरायचं, केर्ली, वडणगे फाटा, शिवाजी पूल. रस्त्यात पुस्तक उघडलं की मळमळायचं, म्हणून मी डोळे मिटून घटकांची नावं आठवत बसायची. केंद्रावर बघावं तर माझ्यासारखेच सगळे. हवालदार, अंगणवाडी सेविका, कारखान्यातले फिटर, नुकतंच लग्न झालेल्या मुली. एक बाई तान्हं बाळ घेऊन यायची. तिची बहीण बाहेर झाडाखाली बाळाला सांभाळायची आणि पेपर सुटला की ती धावत जाऊन आधी बाळाला जवळ घ्यायची, मग आम्हाला विचारायची, तिसऱ्याचं काय लिहिलंत. कॉलेजात जे मैत्रिणींत होतं ते आमच्यात त्या अर्ध्या तासात व्हायचं. वर्षभर साठवलेल्या शंका, मतं, ‘मला तर ते पुस्तकातलं पटलंच नाही’ असं म्हणणं, सगळं त्या झाडाखाली. परीक्षा मला काय देऊ शकली नाही असं कुणी विचारलं तर हेच सांगेन : माझं म्हणणं खोडून काढणारं माणूस. ते मला वर्षातून काही दिवस झाडाखाली मिळालं आणि एरवी घरात, मुलगी मोठी झाल्यावर. ‘घरकामाला पगार का नाही’ यावर आठवीतल्या मुलीशी माझा जो वाद झाला तो कुठल्याही संपर्क सत्रापेक्षा कमी नव्हता.

मग कोविड आला. गड बंद, लॉज बंद, वडाप बंद. मागून मिळत नव्हता तो वेळ आयता हातात आला आणि पगार थांबला. परीक्षा मोबाईलवर घेतल्या गेल्या, चार पर्यायांतला एक निवडायचा. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता आणि विद्यापीठांनी ते निभावलं. पण मला ते पेपर आवडले नाहीत. लिहिताना विचार पुढं सरकतो, वाक्य अर्ध्यावर आल्यावर आपल्याला नक्की काय म्हणायचं ते कळतं. बरोबर गोळ्यावर बोट ठेवताना यातलं काहीच होत नाही. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीनं चार दरवाजाजवळचा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूकच तुटली. खालून भाजी येईना तिथं अभ्यासाचं कोण विचारतं. तरी चुलीवरच्या फळीवर पुस्तक होतं आणि दुपारी मी ते काढत होते.

पदवी हातात आली. त्यानंतर मला एका गोष्टीनं अस्वस्थ केलं आणि ती मला आजही तितकीच महत्त्वाची वाटते. इतिहासाच्या पुस्तकात मराठ्यांचा काळ वाचताना कितीतरी पानं मला आधीच येत होती. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, जुलैच्या पावसात राजदिंडीतून विशाळगडाकडं निघणं, शिवा काशिद, १६७३ साली कोंडाजी फर्जंदनं साठ मावळे घेऊन गड घेणं, ताराबाईंचं इथलं राज्य. काउंटरवर उभी राहून हे मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं सांगत आले आहे. आमच्या गडावर असे वाटाडे आहेत की अंबरखान्याच्या गंगा, यमुना, सरस्वती या तिन्ही कोठ्यांत धान्य कसं ओतत, कसं काढत, हे ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्यांतल्या काहींनी शाळा चौथीत सोडली. त्यांच्या त्या ज्ञानाला कुठल्याही विद्यापीठात एकही श्रेयांक नाही.

अशा आधीच्या ज्ञानाला श्रेयांक देणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या परीक्षा अमेरिकेत १९६७ पासून आहेत. तुम्हाला एखादा विषय आधीपासून येत असेल तर दीड तासाचा पेपर द्या. त्या परीक्षा मानणारं कॉलेज त्या विषयाचे श्रेयांक तुमच्या नावावर लावतं, तो पुन्हा शिकायला लागत नाही. सैन्यातली माणसं, नोकरी करणारे आई-बाप अशा परीक्षा देत देत पदवीचा बराच भाग उरकतात. आपल्याकडं मी शिकत होते तेव्हा वर्गात न बसता परीक्षा देता यायची, पण येत असलेल्या विषयाचीही वेळेआधी देता येत नव्हती. तीन वर्षांची पदवी तीन वर्षांनीच मिळायची. २०२१ पासून श्रेयांकांची डिजिटल बँक आली, माझ्या मुलीचंही तिथं खातं आहे. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात तर कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याची तरतूद आहे. कागदावर हे फार चांगलं आहे. ते पन्हाळ्यावर कधी पोचेल याची मी वाट बघते आहे. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आणि त्यात आमचा गड आहे. दगडांची नोंद जगानं घेतली. ते दगड ज्यांना तोंडपाठ आहेत त्या माणसांची परीक्षा घ्या, कडक घ्या, आणि पास झाली तर त्यांच्या खात्यावर काहीतरी जमा करा. एवढी मागणी मला रास्त वाटते. आणि पन्हाळा तालुक्यातल्या बायकांसाठी, कळे, कोतोली, बाजारभोगावच्या बायकांसाठी, परीक्षाकेंद्र जवळ द्या आणि वर्षात आणखी एक तारीख द्या, म्हणजे हंगाम आणि पेपर यांतलं एक सोडावं लागणार नाही.

मॅनेजरची ती जागा मधल्या काळात दुसऱ्या कुणाला मिळाली. आता मी दुसऱ्या लॉजवर मॅनेजर आहे, आणि माझी सोबतीण माझ्याबरोबर आली आहे. तिची दहावी झालेली आहे, पुढं काही नाही. बारावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. अकरावी न करता थेट बारावीला बसता येतं हे तिला खरं वाटेना, तेव्हा मी बोर्डाच्या संकेतस्थळावरची माहिती तिला दोनदा वाचून दाखवली. फॉर्म ऑनलाईन भरायचा आहे, दहावीचं मार्कलिस्ट तिच्या ट्रंकेत आहे, आधारकार्ड आहे. अडलंय ते शाळा सोडल्याच्या दाखल्यापाशी. तिची शाळा बाजारभोगावकडच्या एका वाडीत, आणि दाखला तिनं लग्नानंतर कधी आणलाच नाही. मंगळवारी लॉजवर गर्दी नसते. त्या दिवशी हे गाडी त्या बाजूला काढतील, आम्ही दोघी जाऊन अर्ज देऊ, आणि मूळ दाखला सापडला नाहीच तर दुसऱ्या प्रतीसोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. विषय मात्र तिनं आधीच ठरवून टाकलेत. इतिहास पहिला.